जपानी छापचित्रं: चित्रकाराच्या सहीमागचं लाकूड, कागद, रंग आणि हात

कोयनाकाठ

होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट आता मोबाइलच्या कव्हरवर, टीशर्टवर, कॉफीच्या मगावर कुठंही दिसते. इतक्या वेळा पाहिल्यावर ती मुळात हातात धरायची चीज आहे, साधारण ३८ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच कागद आहे, हे डोक्यातून निघूनच जातं. तोक्योत राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्ल्यांत हिंडायची सवय लागली. तिथल्या काही दुकानांत लाकडी ठशांनी छापलेली ही चित्रं काचेबाहेर काढून बघायला देतात (हात कोरडे हवेत, कागद दोन्ही हातांनी धरायचा). तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलंय, की ही चित्रं नुसती समोरून बघणं म्हणजे अर्धीच बघणं. ती उजेडाकडे तिरपी धरून बघावीत, मग उलटून पाठ बघावी. चित्र होकुसाईचं असलं, तरी तुमच्या हातातला कागद त्याने छापलेला नसतो. बहुतेक वेळा त्या कागदाला त्याचा हातसुद्धा लागलेला नसतो.

एदो काळात (१६०३ ते १८६८) या धंद्याची व्यवस्था अशी होती: पैसा घालणारा प्रकाशक म्हणजे हानमोतो, चित्र काढणारा एशी, लाकूड कोरणारा होरिशी आणि छापणारा सुरिशी. कोणतं चित्र काढायचं, किती रंग परवडतील, किती प्रती काढायच्या, हे सगळं हानमोतो ठरवायचा. पुढचे तिघे त्याच्यासाठी काम करायचे.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने फक्त रेषा काढून द्यायचा. तो कागद चेरीच्या फळीवर उपडा चिकटवायचा, मागून बोटाने चोळून आणखी पातळ करायचा, म्हणजे रेषा आरपार दिसायला लागतात. मग होरिशी सुरीने प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी काप घेतो आणि मधली रेषा उभी ठेवून बाकीचं लाकूड पटाशीने काढून टाकतो. म्हणजे मूळ चित्र कोरण्यातच संपतं. छापलेल्या चित्राचं 'ओरिजिनल' कुठं आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच: लाकडाच्या भुशात गेलं.

कोरणाऱ्यांतही उतरंड होती. शिकाऊ पोरं मोकळी जागा साफ करायची, जरा तयार झालेली कपड्यांवरची नक्षी कोरायची. चेहरा आणि केस मात्र मुख्य कारागिराकडे. उतामारो या चित्रकाराच्या चित्रांतल्या बायकांच्या कपाळाशी जिथे केस सुरू होतात, ती जागा भिंगातून बघा. तिथे केसाएवढ्याच जाडीच्या रेषा एकमेकींना न चिकटता उभ्या आहेत, आणि त्या लाकडातल्या आहेत! उतामारोने ते केस एकेक करून काढलेलेच नसायचे. तो नुसता अंदाज द्यायचा, बाकी होरिशीने बघून घ्यायचं. ही कामं रात्री दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू ठेवून चालायची. उजेड एका ठिकाणी पडावा म्हणून.

रेषांचा ठसा तयार झाला की त्याच्या काळ्या प्रती काढून चित्रकाराकडे जातात. तो एकेका प्रतीवर एकेका रंगाची जागा दाखवतो. त्या प्रती पुन्हा फळ्यांवर उपड्या चिकटवून प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा कोरायचा. आता दहाबारा ठसे एकाच कागदावर नेमके एकमेकांवर बसवायचे कसे? प्रत्येक ठशावर दोन खाचा असतात, एक कोपऱ्यात काटकोनी आणि दुसरी लांब कडेला सरळ. यांना केंतो म्हणतात. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसऱ्या खाचेत, आणि कागद सोडून द्यायचा. बस, एवढंच यंत्र! १७४०च्या दशकात दोनतीन रंगांसाठी ते वापरात आलं आणि १७६५मध्ये सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या काळात पूर्ण रंगीत छापण्यापर्यंत पोचलं. त्यामागचं कारणही गमतीचं आहे. पंचांग छापायचा हक्क सरकारी मर्जीतल्यांनाच होता. मग शौकीन मंडळी त्या वर्षातले मोठे (३० दिवसांचे) महिने आणि छोटे (२९ दिवसांचे) महिने चित्रातल्या नक्षीत लपवून, एकमेकांना नववर्षाची भेट म्हणून वाटायला लागली. कुणाचं चित्र जास्त देखणं, अशी चढाओढ लागली आणि पैशाकडे कुणी बघेना. त्या हौसेतून रंगीत छापणं सुधारलं.

कागदाबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो, कारण त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. चांगल्या छपाईला होशो नावाचा कागद लागतो. तो एचिझेनचा, म्हणजे आजच्या फुकुई प्रांतातला. कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाची साल हिवाळ्यात काढायची, वाफवायची, वरची काळी साल खरवडायची, राखेसारख्या क्षारात शिजवायची, मग थंडगार पाण्यात बसून त्यातला एकेक काळा कण बोटांनी वेचायचा. नंतर कुटायचं. लगद्याच्या पाण्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्या जवळच्या नात्यातलं. त्या बुळबुळीमुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात, तळाशी बसत नाहीत आणि कागद सारखा येतो. कोझोचे तंतू सेंटिमीटरभर लांब असतात, साध्या लाकडी लगद्याचे दोनतीन मिलिमीटर. म्हणून हा कागद ओला करून वीस वेळा रगडला तरी फाटत नाही. एचिझेनचे इवानो इचिबेई (या नावाचे नववे) हाच कागद करण्यासाठी २०००मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर झाले. त्यांचे वडील, आठवे इचिबेई, यांनाही हा मान मिळाला होता. त्या गावात कागदाच्या देवीचं देऊळ आहे, हेही सांगून ठेवतो.

छापणाऱ्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, इथे फार लांबेल.

---

तिरपागडा

वाचनखूण साठवली. एक शंका. चेरीच का? आपल्याकडे कापडावर छापायचे ठसे सागाचे किंवा शिसवीचे असतात. साग तर पाण्याला जास्त टिकाऊ. आणि छापणाऱ्याचं राहिलंय हो, अर्ध्यावर सोडू नका.

---

कोयनाकाठ

चेरी म्हणजे यामाझाकुरा, डोंगरातली रानचेरी. तिचं लाकूड कडक असूनही पोत बारीक आणि सगळीकडे सारखा. सागाचा दाणा मोठा, त्यात मोकळी छिद्रं. कापडावरच्या नक्षीत ते खपून जातं, पण अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेत छिद्र आलं की रेष तुटलीच. शिवाय सागाला तेल असतं आणि इथे सगळे रंग पाण्यातले. चेरीची उभी रेष हजारो प्रती सोसते. फळी वर्षानुवर्षं वाळवलेली असते आणि महाग, म्हणून रंगाचे ठसे फळीच्या दोन्ही बाजूंना कोरायचे. चित्राची मागणी संपली की फळी रंध्याने साफ करून पुढच्या चित्राला घ्यायची. म्हणून जुने ठसे फार थोडे शिल्लक आहेत.

फळी झाडाच्या उभ्या दिशेने कापलेली असते, त्यामुळे कधीकधी लाकडाच्या रेषाही कागदावर उमटतात. होकुसाईच्या लाल फुजी पर्वताच्या चित्राच्या सुरुवातीच्या प्रतींत आभाळात त्या दिसतात. काही कारागीर तर ठरवून, ठसा जास्त भिजवून, त्या उठवतात.

---

शिळाछाप

जे.जे.मध्ये छापचित्रण शिकलो आणि आता शिकवतो, म्हणून छापणाऱ्याची बाजू मी लावून धरतो.

युरोपात ज्याला वुड एन्ग्रेव्हिंग म्हणतात ते बॉक्सवूडच्या आडव्या कापावर, म्हणजे ओंडक्याच्या तोंडावर कोरतात. शाई तेलाची आणि दाब यंत्राचा. जपानात यंत्र नाही, तेल नाही. ठशावर ब्रशने रंग आणि तांदळाची थोडी खळ टाकायची, ब्रशनेच दोन्ही एकजीव करायचं, कागद खाचांत बसवायचा आणि मागून बारेनने रगडायचं. शाईचा थर कागदावर बसत नाही, रंग कागदात शिरतो. म्हणून धागाकर्ते म्हणतात तसं उलटून बघावं, चांगल्या छपाईत रंग पाठीला दिसतो.

बारेन ही तळहातात मावणारी चकती. आत बांबूच्या कोंबावरच्या सालपटाच्या बारीक पट्ट्या पिळून केलेली दोरी, तिचं वेटोळं. त्यामागे पातळ कागदाचे थरावर थर चिकटवून, वर लाख चढवून केलेली टणक पाठ. आणि सगळ्यावर बांबूचंच सालपट ताणून, मागे मुठीसारखी गाठ मारलेली. दोरीच्या प्रत्येक पिळाचा एक उंचवटा होतो, त्या शेकडो टोकांवर दाब वाटला जातो. दोरी जाड असेल तर सपाट मोठ्या रंगाला, बारीक असेल तर नाजूक रेषांना. वरचं सालपट झिजतं, ते छापणारा स्वतः बदलतो. विद्यार्थ्यांना मी प्लास्टिकचं बारेन देतो आणि काम भागतं. पण माझ्याकडचं खरं बारेन एकदा हातात दिलं की ते परत मागायची पाळी येते!

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ओल. कागदाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं (दोसा म्हणतात, कृपया नाश्त्यावर जाऊ नका), नाहीतर रंग फुटून पसरतो. मग छपाईच्या आदल्या दिवशी कागद ओलसर करून गठ्ठ्यात ठेवतात. खळ केलेली सुती साडी इस्त्रीआधी पाणी शिंपडून गुंडाळून ठेवतो तसंच, ओल सगळीकडे सारखी मुरावी म्हणून. कागद ओला असतो तेव्हा ताणलेला असतो. मधेच वाळला की आकसतो आणि नवव्या रंगाला खाच चुकते. छापणारा वीस ठसे संपेपर्यंत तो गठ्ठा एकाच ओलीवर सांभाळतो. मुंबईत जुलैमध्ये आमचे गठ्ठे दोन दिवसांत बुरशीने काळे पडतात, मे महिन्यात ठशावरचा रंग कागद ठेवेपर्यंत वाळतो. पूर्वीचे कारागीर एका बैठकीला दोनशे कागद घ्यायचे, हे लक्षात घेऊन विचार करा.

आणि बोकाशी, म्हणजे विरत जाणारी छटा! हिरोशिगे या चित्रकाराच्या चित्रांत आभाळाच्या वरच्या कडेला गडद निळा पट्टा खाली विरत जातो ना, तो ठशावर कोरलेला नसतो. ठसा साफ सपाट आहे. छापणारा ओल्या फडक्याने तो भाग पुसतो, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग लावतो आणि सरळ आडवा फिरवतो. रंग पाण्याकडे विरत जातो. प्रत्येक कागदाला हे नव्याने करायचं. ब्रश घोड्याच्या केसांचे, आणि केसांची टोकं शार्कच्या वाळक्या कातडीवर घासून मऊ केलेली, नाहीतर फटकाऱ्यांच्या रेघा उमटतात.

---

नीलमणी

रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे राहवत नाही. रंगांची यादी काढली तर आपल्या आजीच्या कपाटातली आणि गावच्या बाजारातली नावं निघतात. काळा म्हणजे काजळी आणि सरस. सुरुवातीच्या काळ्या छापांवर हाताने भरायचा नारिंगी-लाल म्हणजे शेंदूर, तोच तो शिशाचा. तांबूस विटकरी म्हणजे गेरू. पिवळ्यात हळद आणि हरताळ. चकाकीला अभ्रकाची पूड. गुलाबी-लाल मात्र करडईच्या पाकळ्यांचा, आणि तो सगळ्यांत नखरेल.

खरी गोष्ट निळ्याची आहे. आधी दोन निळे होते. एक नीळ, ती पाण्यात विरघळत नाही, कण राहतात. दुसरा त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा. (पावसाळ्यात कुंपणाशी उगवणारा आपला केना आहे ना, त्याच वंशातलं ते फूल.) पाकळ्यांचा रस कागदाला पाजून वाळवायचा आणि लागेल तेव्हा त्या कागदाचा तुकडा पाण्यात बुडवून रंग सोडवायचा. हा निळा सुंदर, पण उन्हात आणि ओलीत टिकत नाही. हारुनोबूच्या चित्रांत नदी आज पिवळट-करडी दिसते त्याचं कारण हेच. नदी मुळात निळी होती.

मग आला प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करताना अशुद्ध पोटॅश वापरला गेला आणि अपघाताने निळा हाती लागला. लोह आणि सायनाइड यांचं संयुग. जपानात तो नागासाकीच्या बंदरातून यायचा, आधी महाग, १८२०च्या दशकाच्या अखेरीस स्वस्त झाला. कण अतिशय बारीक, उन्हाला पक्का, आणि पाणी वाढवत नेलं तरी रंगात दम राहतो. शिळाछाप यांनी सांगितलेली ती विरत जाणारी छटा याच रंगात सर्वांत सुरेख उतरते. होकुसाईची फुजीची ३६ दृश्यं (प्रत्यक्षात ४६, कारण खप बघून प्रकाशकाने दहा वाढवली) १८३०च्या सुमाराला याच निळ्यावर उभी राहिली. लाटेचं चित्र भिंगातून बघा, बाह्यरेषासुद्धा काळ्या नाहीत, निळ्या आहेत. माझं स्पष्ट मत: हा रंग स्वस्त झाला नसता तर जपानी निसर्गचित्रांचा हा सगळा अध्याय वेगळा दिसला असता.

---

अंजिरी

आमच्याकडे सोलापूरला करडई म्हणजे तेल आणि कोवळी भाजी. पाकळ्या काढायला गेलं तर काट्यांनी हात फाटतात. आणि करडईचं फूल तर पिवळं-केशरी, त्यातून गुलाबी कसा काढतात?

---

नीलमणी

अंजिरीताई, पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो, तो धुऊन टाकायचा. लाल पाण्यात येत नाही, राखेच्या क्षारात येतो. मग त्यात आंबट काही घातलं, जपानात उमे नावाच्या फळाचा रस, की लाल साका तळाशी बसतो. पाकळ्यांत तो असतोच जेमतेम. यामागाताचा मोगामी भाग या पिकासाठी प्रसिद्ध होता. काट्यांचा त्रास तिथेही तोच. दव असताना काटे मऊ असतात म्हणून पहाटे तोडणी करायची. हा लाल आणि निळा मिळून जांभळा व्हायचा, आणि लाल उडाला की तो जांभळा मातकट पडतो. जुन्या चित्रांत जांभळे किमोनो तपकिरी दिसतात ते असे.

---

सदा_खट्टू

सगळं वाचलं. माहितीपूर्ण वगैरे आहेच. पण मला कळत नाही, याला आपण कला का म्हणतो? मालक पैसे घालणार, एक जण रेषा काढणार, दुसरा कापणार, तिसरा रगडणार. हा तर कारखाना झाला. आणि त्यात होकुसाईचं नाव घेऊन नमस्कार करायचा? आमच्या घरी रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती, तिला कुणी महान कलाकृती म्हटलं नाही. देव म्हणून मात्र पुजली.

---

कोयनाकाठ

खट्टूराव, कारखाना होता हे मान्यच. मालही स्वस्त होता. १८४२च्या तेनपो सुधारणांत सरकारने किंमत जास्तीत जास्त १६ मोन (मोन म्हणजे तेव्हाचं नाणं) आणि रंगांचे ठसे सातआठच असे बंधन घातलं. १६ मोन म्हणजे तेव्हा एक वाडगा सोबा नूडल्स. नटांची, गणिकांची, प्रवासाची चित्रं घ्यायची, भिंतीला डकवायची, फाटली की टाकायची. पण कारखाना म्हटलं की कला संपते, हे मला पटत नाही.

होकुसाईचंच घ्या. पोरवयात तो स्वतः काही वर्षं होरिशीकडे कोरायला शिकला होता, त्यामुळे त्याला फसवणं अवघड. म्हातारपणी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तो एगावा तोमेकिची याच कारागिराला काम द्या म्हणून अडून बसलाय. तक्रार काय, तर बाकीचे कारागीर डोळ्याला खालची पापणी घालतात आणि नाकं स्वतःच्या वळणाने कोरतात. मी डोळे असे काढत नाही! ज्याला नुसता मजूर समजतात त्याच्याशी कुणी पापणीवरून भांडत नाही.

आणि शाराकू बघा. १७९४मध्ये प्रकाशक त्सुताया जुझाबुरो याने एका अनोळखी चित्रकाराची २८ मोठी नटचित्रं एकदम बाजारात आणली. मागे सगळीकडे काळपट अभ्रक. सरळ बघितलं तर राखाडी भिंत, कागद जरा हलवला की रंगमंचावरच्या दिव्यासारखा उजेड फिरतो. तो परिणाम चित्रकाराच्या कुंचल्यात नव्हता, तो छापणाऱ्याने आणि पैसे घालणाऱ्याने मिळून आणला. दहा महिन्यांत शाराकू गायब झाला, तो कोण होता यावर अजून वाद चालू आहेत. मला तर वाटतं त्या अभ्रकाचं प्रमाण कुणी ठरवलं हा जास्त चांगला प्रश्न आहे.

---

शिळाछाप

रविवर्म्याची तुलना चुकीची नाही, उलट नीट करून बघावी. तीही छपाई बहुरंगी, तिथेही प्रत्येक रंगाला वेगळा दगड, तिथेही दगडावर चित्र उतरवणारा कारागीर वेगळा. फरक असा, की तिथे छापखान्याची सगळी धडपड तैलचित्राची नक्कल करायची होती. जपानी कारागिराला नक्कल करायला समोर काहीच नव्हतं. छापलं जाईपर्यंत ते रंगीत चित्र जगात अस्तित्वातच नव्हतं.

आणि खट्टू यांचा आक्षेप जपान्यांनी स्वतःही घेतलाय बरं. १९०४मध्ये यामामोतो कानाए याने मच्छीमाराचं एक छोटं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं, स्वतः छापलं. तिथून 'सोसाकु हांगा' म्हणजे सर्व काही स्वतःच्या हाताने, ही चळवळ निघाली. पुढे मुनाकाता शिको तर फळीला नाक लावून, रेषा न आखता कोरायचा. दृष्टी अधू होती. १९५६मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्याला छापचित्रासाठीचं मोठं पारितोषिक मिळालं. मला तो अतिशय आवडतो. पण कोरीव कामाची सफाई म्हणाल तर एदोतल्या एखाद्या शिकाऊ पोरानेही त्याला नावं ठेवली असती, आणि मुनाकाताला त्याची पर्वा नसती.

एक दुरुस्ती. शीर्षकात 'सहीमागचं' म्हटलंय, पण एदोच्या शेवटच्या दशकांत काही कारागिरांची नावं चित्रावर येऊ लागली होती. कुनिसादाच्या नटांच्या चित्रांत 'होरी ताके' असा छोटा शिक्का दिसतो, तो योकोकावा ताकेजिरोचा. केस कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. छापणाऱ्यांची नावं मात्र फार क्वचित येतात.

---

सदा_खट्टू

पापणीचं पटलं. बाकी विचार करतो.

---

चार्ल्सकाठची

बॉस्टनहून. नीलमणी यांनी रंग उडण्याबद्दल लिहिलं म्हणून. इथल्या ललित कला संग्रहालयाकडे स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१मध्ये दिलेली सहा हजारांवर जपानी छापचित्रं आहेत. देताना अट घातली, ही कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत. तेव्हा लोक हसले असतील. आज जांभळे आणि गुलाबी रंग मुळात कसे होते हे बघायचं तर जगभरचे अभ्यासक याच संग्रहाकडे वळतात. मी त्यांची संकेतस्थळावरची छायाचित्रं आणि दुसरीकडची तीच चित्रं शेजारी ठेवून बघते. एका ठिकाणी बाईने जांभळा किमोनो घातलाय, दुसरीकडे तीच बाई खाकीत.

लाटेच्या चित्रातही आभाळात फिकट गुलाबी ढग आहे, तो बहुतेक प्रतींत उडून गेलाय. आणि डावीकडे वर शीर्षकाची चौकट आहे, तिच्या रेषेत उशिराच्या प्रतींत तुटी दिसतात. ठसा झिजत गेला त्याच्या त्या खुणा. संग्रहालयाचे लोक अशाच तुटी बघून कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची हे लावतात.

---

घृष्णेश्वर

आमच्या वेरूळचा विषय निघेल म्हणून वाट बघत होतो, कुणी काढेना! योशिदा हिरोशी हा जपानी चित्रकार १९३०-३१मध्ये मुलाला घेऊन भारतात फिरला. परत जाऊन त्याने भारत आणि आग्नेय आशियावर छापचित्रांची मालिका केली. ताजमहाल, काशीचा घाट, उदयपूर, आणि आपली अजिंठा-वेरूळची लेणीही त्यात आहेत. वेरूळच्या चित्रात लेण्याच्या आतला अंधार आणि बाहेरचं रणरणतं ऊन आहे. आतला काळोख एका काळ्या रंगाने भागवलेला नाही, राखाडीवर राखाडी असे किती थर दिलेत ते मोजता येत नाहीत. दगड थंड वाटतो. मी तिथे लहानपणापासून जातोय, छायाचित्रात हे कधी दिसलं नाही.

---

कोयनाकाठ

घृष्णेश्वर, क्या बात! योशिदा हे या धाग्याला फार चपखल उदाहरण आहे. आधी तो वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाकडे काम करायचा. १९२३च्या भूकंपात वातानाबेच्या दुकानासकट ठसे जळाले. नंतर योशिदाने स्वतःचाच कारखाना काढला, कारागीर पगारावर ठेवले, आणि कोरणं-छापणं स्वतः इतकं शिकला की त्यांच्या चुका काढू शके. एकेका चित्राला सरासरी तीसेक वेळा छापणं. आणि एकच ठशांचा संच घेऊन फक्त रंग बदलून सकाळ, दुपार, धुकं, रात्र. १९२६ची शिडाच्या होड्यांची चित्रं अशीच आहेत, ताजमहालचीही काही. समासात 'जिझुरी' असा शिक्का असेल तर ती प्रत त्याच्या देखरेखीखाली छापलेली. मृत्यूनंतर कुटुंबाने छापलेल्या प्रतींवर तो नसतो, आणि किमतीत बराच फरक पडतो.

---

तिरपागडा

अवांतर: आपल्याकडे खुलताबादजवळ कागजीपुऱ्याला हातकागद होतो. वेरूळपासून फार लांब नाही. त्यावर असं छापता येईल का?

---

शिळाछाप

छापता येईल, पण गंमत येणार नाही. आपला जुना हातकागद चिंध्या, ताग यांचा, बोरूने लिहिण्यासाठी घोटून गुळगुळीत केलेला. वर शाई बसावी हा त्याचा हेतू. इथे कागदाने रंग प्यायला हवा आणि दाबाने वाकायलाही हवं. होशोचा जाड मऊपणा रंग न लावता छापताना कळतो. काराझुरी म्हणतात. कोरा ठसा, कोरा कागद, नुसतं रगडणं. बर्फ, बगळ्याची पिसं, पांढऱ्या किमोनोची वीण अशी उठवतात. समोरून पांढरं, तिरपं धरलं की पिसं दिसतात. आपल्याकडे आम्ही नेपाळी लोक्ता कागद वापरून पाहतो, बऱ्यापैकी जमतं. लाकडाला प्लायवूड. चेरी परवडत नाही.

---

नवखा_पाहुणा

मी पहिल्यांदाच लिहितोय. पुढच्या महिन्यात कामासाठी तोक्योला येतोय, आईसाठी एखादं चित्र न्यायचं आहे. मागे इंटरनेटवर एका विक्रेत्याकडून 'अस्सल जुनं' म्हणून घेतलं, ते घरी आल्यावर भिंगातून ठिपके ठिपके दिसले. पैसे गेले. आता काय बघून घ्यायचं?

---

कोयनाकाठ

ठिपके म्हणजे ऑफसेट छपाई, तुम्ही भिंग लावलंत हे बरं केलंत. दुकानात गेल्यावर तीन गोष्टी करा. भिंगातून रंगाचा सपाट भाग बघा, तो सलग हवा आणि कागदाचे तंतू त्यातून दिसायला हवेत. मग उलटा करून पाठीला रंग उतरलाय का आणि बारेन फिरल्याच्या गोल खुणा आहेत का बघा. मग तिरपं धरून बघा, रेषा कागदात किंचित दबलेल्या असतात.

'जुनं' आणि 'अस्सल' मात्र वेगळं ठेवा. जुन्या चित्रावरून नव्याने ठसे कोरून, त्याच पद्धतीने हाताने छापलेल्या प्रतीही मिळतात. अदाची ही संस्था तोक्योत १९२८पासून हेच करते, एचिझेनचा होशो आणि चेरीची लाकडं घेऊन, आणि तरुण मुलांना कोरायला-छापायला शिकवते. तोक्योतल्याच असाकुसा भागात डेव्हिड बुल या कॅनडाहून आलेल्या कारागिराचं दुकान आहे. त्याने कात्सुकावा शुन्शोची शंभर कवींची चित्रं एकट्याने कोरून-छापून दहा वर्षांत पूर्ण केली. आईसाठी न्यायचं तर माझ्या मते अशी नवी हातछपाई घ्या. उडालेल्या रंगाच्या, कडा कापलेल्या जुन्या प्रतीपेक्षा ती हिरोशिगेच्या काळातल्या ग्राहकाने पाहिलेल्या चित्राच्या जास्त जवळ असते. जुन्याचा नाद असणारे मला शिव्या घालतील, घालू देत.

घेताना हिरोशिगेचं शिन-ओहाशी पुलावरच्या अचानक पावसाचं चित्र (१८५७) दिसलं तर त्यातला पाऊस जरूर बघा. पावसाच्या रेषा दोन वेगळ्या ठशांवर, किंचित वेगळ्या कोनांत कोरलेल्या आहेत. सुतासारख्या रेषा लाकडात उभ्या ठेवून, फळीभर. एकीवर एक छापल्यावर पाऊस हलतो. वरचा काळा ढग पुन्हा ब्रशचा आहे, त्याचा आकार ठशावर नाही, म्हणून दोन प्रतींत ढग सारखा नसतो.

---

नवखा_पाहुणा

खूप आभार. घरी लावायचं कसं? आमच्या हॉलला पश्चिमेचं ऊन येतं.

---

चार्ल्सकाठची

मग हॉलमध्ये नको. ऊन न येणारी भिंत बघा, अतिनील किरण अडवणारी काच घ्या, आणि काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. फ्रेमवाला मागून फेविकॉलने पुठ्ठ्याला चिकटवून देईल, त्याला आधीच दम द्या. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीचा एकेक ठिपका, एवढ्यावर चित्र लटकलं पाहिजे, म्हणजे कधीही काढता येतं. काही महिने लावा, मग उतरवून फडताळात ठेवा.

---

शिळाछाप

आणि पावसाळ्यात अधूनमधून फ्रेम उघडून बघा. त्यात सरस आहे, तांदळाची खळ आहे. झुरळांना आणि कसरीला दोन्ही आवडतं.